अख्खं पान

माझ्या वडिलांनी कल्याणच्या बाजारात चाळीस वर्षं चहा पावडरचं दुकान चालवलं. त्यामुळे घरच्या चहाचा पहिला घोट घेतला की ते खोट काढणारच. आलं जुनं आहे, पाणी फार उकळलंय, दूध कालचं दिसतंय. आई वैतागायची. एकदा तरी ‘चांगला झालाय’ म्हणाले असतील तर शपथ, हे तिने मला हजारदा ऐकवलं असेल.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. ताप उतरला, पण वास येणं जे बंद झालं ते कायमचंच. तेव्हापासून पुढे ठेवलेला चहा ते निमूट पितात. “गरम आहे, गोड आहे, बस,” एवढंच बोलतात. आईला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी रविवारी कोपरीच्या माझ्या घरून कल्याणला गेले की ती मला स्वयंपाकघरात ओढून हळूच सांगायची, “काल मुद्दाम आलं घातलंच नाही. एक शब्द बोलले नाहीत गं.” ती घाबरली होती. मीही.

अशात ऑफिसातल्या मैत्रिणीने तैवानहून उंच डोंगरावरच्या उलाँग चहाचं पाकीट आणून दिलं. मी ते कल्याणला नेलं. वडिलांनी थोडा चहा बशीत ओतला, तर गडद हिरव्या, तुकतुकीत गोळ्या खडखडत पडल्या. मिऱ्यांहून जरा मोठ्या.

“हा चहा? कोणीतरी बनवलंय तुला,” ते म्हणाले.

आईने नेहमीसारखं आधण ठेवलं. माणशी एक चमचा आणि वर एक भांड्याचा, ही आमच्या घरची रीत. चार चमचे गोळ्या, साखर, आलं, मग दूध. उकळता उकळता गोळ्या अशा फुगल्या की भांडं पानांनी गच्च भरलं. गाळणीत निवडलेल्या पालेभाजीएवढा ढीग उरला आणि कपात आलं घातलेलं दूध.

मी हसत गाळणी उलटी करायला निघाले तर वडील म्हणाले, “थांब.” त्यांनी ढिगातलं एक पान उचललं आणि तळहातावर हलक्या बोटांनी उलगडलं. कडेला बारीक दाते, खाली देठ, देठाला आणखी एक कोवळं पान. ते बराच वेळ बघत राहिले.

“चाळीस वर्षं चहा विकला. कण विकले, भुकटी विकली. अख्खं पान आज बघतोय.”

पुढचा चहा त्यांनी स्वतःच केला. दूध नाही, साखर नाही. रंग दिसायला हवा म्हणून काचेचा ग्लास घेतला, एकच चमचा गोळ्या टाकून वर गरम पाणी ओतलं आणि ग्लास खिडकीशी ठेवला. गोळ्या एकेक करून सुटत गेल्या. पाणी फिकट पिवळं झालं, त्यात हिरवट झाक. मला वास येत होता. सांगावं की नाही ते कळेना. शेवटी सांगितलं, “कोवळं कणीस उकडताना येतो तसा आहे. आणि मागून कसल्यातरी पांढऱ्या फुलाचा.” त्यांनी मान डोलावली. मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी दुकानात चहा पारखताना मारायचे तसा चमच्याने भुरका मारला आणि थांबले.

“वास नाही येत,” ते म्हणाले. “पण घशात मागाहून गोड येतंय. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येतं ना, तसं.”

मी प्यायले. अगदी तसंच होतं. आईने कपात ओतून एक घोट घेतला, “गरम पाणी आहे नुसतं,” म्हणाली आणि आपल्या कपात साखर घातली.

त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतलं, तो चहा पहिल्याहून दाट लागला. तिसऱ्यांदा मी ओतलं आणि आईशी बोलत बसले. ग्लास विसरूनच गेले. बऱ्याच वेळाने वडिलांनी तो उचलला, एक घोट घेतला आणि त्यांच्या भुवया आक्रसल्या.

“फार वेळ ठेवलास. तुरट करून टाकलास सगळा. लक्ष कुठे असतं तुमचं?”

आई ओट्याशी होती. भांडं घासता घासता तिचा हात थांबला.

“अहो, काय म्हणालात?”

“तुरट झालाय म्हटलं.”

“हो,” आई म्हणाली, “झालाय खरा तुरट.”

तिने तो चाखलासुद्धा नव्हता.