आप्पांच्या डाव्या हाताची जागा

यंदा आप्पांना हरवायचंच, असं ठरवून सकाळी पुण्यातून गाडी काढली. आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावच्या कडेला हिंडलग्यात एकटेच राहतात. गुडघा पार गेलाय, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात आणि आप्पांचं एकच पालुपद: "पोकरात हरवा मला, येतो पुण्याला." आम्ही चिंचोके लावून खेळतो. माझे आधी संपले की ऑपरेशनचा विषय पुढच्या सुट्टीपर्यंत बंद. आजवर प्रत्येक वेळी माझेच संपलेत, आणि त्यांचं लंगडणं काही थांबलेलं नाही. यावेळी मला खरंच काळजी वाटत होती.

कोल्हापूरपर्यंत रस्त्याची कामं चालू आहेत, त्यामुळे वेळ हातात ठेवूनच निघा. नाश्ता साताऱ्यातच उरका. निपाणीत माझा भाऊ, अण्णा, आणि वहिनी राहतात. वहिनींनी भाकरी, खर्डा आणि दही असं वाढलं की उठवेना! जेवून दोघांनाही गाडीत घातलं. तवंदी घाटात मस्त वारा होता.

"ह्या वेळेला काय शिकून आलीस गं?" अण्णानं विचारलं.

"कुठल्या जागेवरनं कुठले पत्ते खेळायचे ते."

तुम्हालाही सांगते, सोपं आहे. हातात दोन पत्ते येतात, सगळ्यांसाठी पाच मधे उघडतात आणि मनात आलं तर सगळे चिंचोके एकदम लावता येतात. आधी बोलणाऱ्याला, म्हणजे लावतो की टाकतो ते सांगणाऱ्याला, पुढच्यांचा काही अंदाज नसतो, म्हणून त्यानं मोठी जोडी किंवा एक्का-राजा असेल तरच पुढं व्हावं, बाकी टाकून द्यावं. पत्ते वाटणारा सगळ्यांचं ऐकून बोलतो, त्याचं हलक्या पत्त्यांवरही भागतं. वर वाटणाऱ्याच्या डाव्या हाताच्या माणसाला पत्ते न बघताच थोडे चिंचोके टाकावे लागतात. म्हणूनच वाटणाऱ्याची जागा दर डावाला पुढं सरकते.

बेळगावात शिरल्यावर तिथली खव्याची मिठाई, कुंदा, घेतला. ताजा मागून घ्या, हातात गरम लागला पाहिजे.

दुपारी डाव मांडला. शेजारचे दोघे नवरा-बायकोही आले. आप्पांनी नेहमीसारखे पत्ते पिसले, वाटले. मी नेहमीसारखी त्यांच्या डाव्या हाताला. दुसरा डावही त्यांनीच वाटला, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थोरल्या माणसाच्या हातातनं पत्ते कसे काढून घ्यायचे, म्हणून आमच्या घरात वाटतात ते कायम आप्पाच! म्हणजे सगळ्यांचं ऐकून बोलणार तेच, आणि पत्ते न बघता चिंचोके टाकायची पाळी दर डावाला माझी.

"आप्पा, वाटायची पाळी फिरती ठेवूया."

वहिनी जमिनीकडे बघायला लागल्या.

"माझ्या हातनं पत्ते काढून घेणार व्हय गं?" आप्पा म्हणाले.

"व्हय. न्हायतर तुमचा गुडघा असाच राहतोय."

त्यांनी गठ्ठा अण्णापुढं सरकवला. पुढं गंमत अशी, की आधी बोलायची पाळी आली की आप्पा पत्ते निमूट टाकून द्यायला लागले. खेळातले मास्तरच ते, लगेच उमगलं त्यांना. माझा धीर सुटत चालला.

मग पुन्हा त्यांच्यावर पहिलं बोलायची पाळी आली आणि त्यांनी सगळे चिंचोके पुढं ढकलले. माझ्या हातात राण्यांची जोडी होती. मीही तेवढेच लावले. आप्पांनी पत्ते उलटले: राजा आणि सत्ती, तेही वेगवेगळ्या रंगाचे. मधले पाचही उघडले तरी राण्या टिकल्या, आप्पांचे चिंचोके संपले. वहिनींनी टाळ्या पिटल्या.

येताना मागच्या सीटवर पाय लांब करून आप्पा होते. आता पुण्यात घरी हे लिहितेय. ऑपरेशनची तारीख ठरलीय. रस्ते, घाट, कुंदा सगळं छान झालं, पण तो शेवटचा डाव काही डोक्यातनं जाईना. शेवटी आज चहा देताना विचारलंच,

"आप्पा, पहिल्या जागेवरनं कुणी राजा-सत्ती खेळतं व्हय?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"लई भ्या वाटतंय गं ऑपरेशनचं. तोंडानं काय व्हय म्हणता येईना, मग चिंचोके ढकलले."