फळ्यांखालचं गरम पाणी

आमच्या माडीवर एका सरकारी साहेबांना अंगभर साबण लावून ताटकळत उभं राहावं लागलं, त्याला मी जबाबदार आहे.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी कचेरी आली, तिच्याबरोबर साहेब आले आणि त्यातले एक आमच्या दुकानावरच्या माडीत भाड्यानं राहिले. त्यांना आंघोळीला कढत पाणी लागे. बंब मागच्या गच्चीत, न्हाणी पार दुसऱ्या टोकाला. मधली जमीन लाकडी फळ्यांची. मी ठरवलं, फळ्यांखालून घरात पडलेला जुना, गंजून पातळ झालेला लोखंडी पाइप न्यायचा. मिस्त्री मिळेना (सगळे नव्या कचेऱ्या बांधण्यात गुंतलेले), म्हणून मीच फळ्या उचकटल्या.

पाणी वाटेत निवू नये म्हणून पाइपाला काहीतरी गुंडाळायला हवं होतं. त्यात त्या वर्षी दुष्काळ असा, की एका पाहुण्याकडं कडब्याची पेंढी मागितली तर जणू त्याचा बैलच मागितल्यासारखा तो बघत राहिला. शेवटी घरातलीच एक गादी उसवली. तिचा कापूस पाइपाला गच्च बांधला, वरून गोणपाट शिवलं आणि फळ्या कुरकुरू नयेत म्हणून खिळे जरा सढळ हातानं ठोकले.

पहिल्या आंघोळीसाठी माझ्या बायकोनं, महानंदानं, टँकरवर भांडून आणलेलं पाणी बंबात ओतलं. साहेब न्हाणीत गेले, तांब्याभर गार पाण्यावर साबण लावला आणि नळ सोडला. नळानं नुसता उसासा टाकला. मी बंब पुन्हा भरायला सांगितला. तेही पाणी गेलं. कुठं गेलं, ते खाली दुकानात कळलं. छतातून कोमट धार थेट गुळाच्या ढेपांवर पडत होती. माझा एक खिळा पाइपातून आरपार गेला होता.

नेमका कोणता, ते मात्र सांगता येईना. मी एकेक फळी उपटत न्हाणीच्या दिशेनं सरकू लागलो. साहेब पंचा गुंडाळून दारात आले. साबण अंगावर वाळून पांढरा पडला होता, आणि पाय ठेवायला जमीन उरली नव्हती. महानंदानं माठातलं प्यायचं पाणी तुळयांवरून तोल सांभाळत त्यांना नेऊन दिलं. येताना तिची नजर भिजलेल्या कापसावर गेली.

"अहो, ही माझ्या माहेरची गादी हाय का?"

मी हाव म्हणालो. ती खाली बसली आणि एकेक बोळा घागरीत पिळू लागली. भांडी घासायला तरी होईल, म्हणाली. तिचं ते पिळणं मला साहेबांच्या ओरडण्याहून जड गेलं. (साहेब ओरडत होतेच.)

साहेबांनी जागा सोडली नाही, कारण नव्या जिल्ह्यात दुसरी मिळेना. फक्त एक अट घातली: घरात काही दुरुस्ती निघाली, की आधी मालकांना गावाला पाठवायचं. महानंदानं ती तिथल्या तिथं मान्य केली. साहेबांची बदली होऊन जमाना झाला, पण अजूनही घरात नळ गळायला लागला, की माझी कपड्यांची पिशवी भरून दारात ठेवलेली असते.