चिमूटभर स्फटिक

बाई कुठल्याही झाडाचं पान आधी हुंगत, मग चुरगळत आणि शेवटी जिभेला लावत. प्रयोगशाळेत असं कधी करू नये, हे मुलांना बजावणाऱ्याही त्याच.

केजच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्राच्या प्रमुख, मी नुकतीच लागलेली. एकदा हिमालयात वनखात्यात असलेल्या त्यांच्या वर्गमित्राने रीतसर परवानगी काढून एका दुर्मिळ सूचिपर्णी झाडाची गळलेली पानं पाठवली. सुयांसारखी ती पानं टेबलावर ओतून बाई म्हणाल्या, "ह्याच्या भावंडांत कॅन्सर रोखणारं द्रव्य सापडलंय. ह्याला अजून कुणी विचारलंच न्हाई."

त्या वर्षी दुष्काळ. अर्क काढायचा तर काचेच्या नळीभोवती थंड पाणी सतत खेळतं लागतं, आणि कॉलेजचे नळ कोरडे. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना, ते बाईंनी मागितलंही नाही. त्या थेट सहकारी दूध संघात गेल्या. चाऱ्याअभावी दूध आटलं होतं, बर्फाचं यंत्र अर्धा दिवस बंदच असे. संघाचे अध्यक्ष आप्पा यांनी रोज थोडा बर्फ द्यायचं कबूल केलं. बाईंनी घरच्या कूलरचा पंप काढून आणला आणि पिंपभर पाणी महिनाभर तेच तेच फिरवलं.

मग बारीक पांढरी भुकटी भरलेल्या उभ्या नळीतून तो अर्क सोडला. हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे सुटे होत खाली उतरू लागले. आम्ही दोघी जेवायचं विसरलो. अखेर एका बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरे स्फटिक दिसले, तेव्हा माझा हात धरून बाई नुसत्या हसत राहिल्या. त्यातले थोडे पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवले, आणि पुढे तिथून तपासणीचं पत्र आलं: या द्रव्याने कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते. ते उभ्यानेच तीनदा वाचून बाई आप्पांकडे पेढे घेऊन धावल्या.

बातमी पसरली. पाटोद्याकडचा एक शेतकरी कॅन्सर झालेल्या बायकोला घेऊन आला, थोडं औषध द्या म्हणाला. बाईंचा चेहरा उतरला.

"दादा, हे काचेतल्या पेशींवर चाललं. माणसाला काय करंल, मलाच ठाव न्हाई. मी न्हाई देणार."

तो हलेना. बाईंनी बाटली कुलपात ठेवली आणि त्या दोघांना घेऊन बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात जायला एसटीत बसल्या. तिचे उपचार संपेपर्यंत प्रत्येक खेपेला त्या सोबत गेल्या.

पुढल्या वर्षी मी संशोधनासाठी पुण्याला निघाले, तेव्हा अर्धे स्फटिक त्यांनी माझ्या हाती दिले. सांडले तर, असं मी भीत भीत विचारलं. सांडले तर परत काढू, म्हणाल्या.

त्याचं औषध अजून झालेलं नाही. मी त्यावरच काम करते. चांगला निकाल आला की पहिला फोन बाईंना. आनंदाने त्यांचा आवाज चढतो, आणि लगेच त्या विचारतात, "पुन्हा करून बघितलंस का गं?"