दुसऱ्या भागाचा भाव

"रद्दी मागच्या दारानं," माईसाहेब म्हणाल्या. मान पुरती वर न करता.

देवासच्या मराठी वाचनालयात मी पुढच्या दारानं आत गेले होते. धुतलेली साडी, विंचरलेले केस, हातात पोतं नाही. तरी त्यांना रद्दीवालीच दिसली.

"रद्दीला नाही आले. एक पुस्तक पाहिजे. ह्याचा दुसरा भाग." मी पिशवीतून पहिला भाग काढून टेबलावर ठेवला.

तो मला धारच्या एका घरच्या रद्दीत सापडला होता. मराठीत आणलेली, कॉलेजच्या पोरापोरींसाठी लिहिलेली जादूची गोष्ट. मोठं शहर, उड्डाणपूल, आणि पुलाच्या प्रत्येक खांबात कोंडलेला एक राखणदार. सोळा वर्षांच्या एका पोरीलाच तेवढं त्यांचं बोलणं ऐकू येतं. शेवटच्या पानावर ती स्वतःच खांबात अडकते आणि पुस्तक संपतं. मी पागल व्हायची राहिले. दुसरा भाग वाचनालयाच्या काचेच्या कपाटात होता. रद्दी उचलायला येताना मी तो दर वेळी बघत होते.

माईसाहेब वाचनालयाच्या अध्यक्ष. संस्थानच्या काळापासूनचं घराणं. सासऱ्यांनंतर खुर्ची त्यांच्याकडे. त्यांनी माझं पुस्तक बोटाच्या टोकानं उलटं केलं. पेपर वाचत बसलेल्या चार-पाच माणसांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चाळिशीची बाई तू. हे असलं वाचतेस? वाचता तरी येतं का?"

टेबलावर कुठलंसं जुनं मराठी पुस्तक होतं. ते माझ्यापुढे सरकवलं. "वाच."

माझे वडील महाराष्ट्रातून इकडे कंपनीत हेल्पर म्हणून आले. माझी शाळा हिंदी, तीही आठवीपर्यंत. त्या पुस्तकातले शब्द हातभर लांब. तिसऱ्या ओळीत अडखळले. चौथीत थांबले.

पेपरामागून एक आवाज आला, "भिया, इसको तौलना आता है, पढ़ना नहीं."

सगळे हसले.

"आधी मराठी शीक," माईसाहेब म्हणाल्या. "मग सभासद करण्याचं बघू."

माझी जीभ बाजारात कात्रीसारखी चालते. त्या दिवशी एक शब्द फुटला नाही. त्याचाच राग सगळ्यात जास्त आला. अजून येतो.

त्या वाचनालयाची एक रीत आहे. दिवाळीच्या साफसफाईत, वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं काढून किलोवर देतात. मलाच देतात. त्या दिवाळीचं पोतं मी माझ्या रद्दीच्या गाळ्यावर ओतलं, आणि दुसरा भाग पायाशी येऊन पडला. आतली तारखांची चिठ्ठी कोरी. मला नाकारलेलं पुस्तक ह्यांच्यातल्या एकानंही कधी घरी नेलं नव्हतं.

मी ते दिवसाढवळ्या वाचलं. गिऱ्हाईक उभं ठेवून. पोरगी खांबाच्या आत, वरून ट्रक जातायत, तिचे दात वाजतायत. राखणदार म्हणतो, तुझं नाव दे, मी भिंतीला तडा देतो. मी ओरडलेच, "देऊ नको गं! आधी तडा दाखव म्हणावं!" शेजारच्या ठेल्यावरचा बटाटेवाला वळून बघायला लागला. आणि पोरीनं नाव दिलं की! दोन पानं मी तिच्यावर रुसले. मग कळलं, दिलं ते दाखल्यावरचं. आई ज्या नावानं हाक मारायची, ते तिनं जिभेखाली लपवून ठेवलंय. मी मांडीवर थाप मारली. पक्की पोरगी! मी अडखळत होते, पण थांबत नव्हते. शब्द नाही कळला तर सोडून पुढे. पुस्तक संपलं तेव्हा रडू आलं, आणि सकाळपासून जेवले नाही हे आठवलं.

जानेवारीत माईसाहेब गाळ्यावर आल्या. स्वतः.

"ताई, ते पुस्तक चुकून तुमच्याकडे आलं. एका कुटुंबानं वडिलांच्या स्मरणार्थ पुस्तकं दिली होती, त्यातलं आहे ते. रविवारी समारंभाला ती मंडळी येतायत. टेबलावर मांडायला हवं."

वाचायला नाही. मांडायला.

मी धंदेवाली. समोरच्याची गरज ओळखते. भाव सांगितला, "पैसे नकोत. मला सभासद करा. अर्ज इथंच लिहा, आत्ता."

"करू की," त्या हसल्या. "पुढच्या बैठकीत विषय ठेवते. तू आधी पुस्तक तर दे."

ताईची परत तू झाले. असली 'पुढची बैठक' मी रोज बाजारात ऐकते. पण राग त्यांचा नाही, माझा आला. मी काय मागत होते? ज्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही, त्यांनी मला वाचक म्हणावं, म्हणून मी हात पसरला होता. वाचून झाल्यावर!

"भाव मागे घेतला," मी म्हटलं. बाजारात बसायला लागल्यापासून पहिल्यांदा. "पुस्तक विकायचं नाही."

"अगं, वाचनालयाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"अब्रू तुम्हीच काट्यावर ठेवली. मी फक्त तोलली."

त्यांचा चेहरा उतरला. पायरी उतरताना म्हणाल्या, "शेवटी जात दाखवलीस."

या वेळी जीभ जागेवर होती. "दाखवली," मी म्हटलं. "नीट बघून जा."

तिसरा भाग आलाय म्हणतात. इंदूरला मिळतो. शनिवारी गाळा बंद ठेवून मी जाणार, नवाकोरा घेणार, आणि पहिल्या पानावर माझं नाव लिहिणार. आडनावासकट. त्या वाचनालयात सभासद म्हणून पाय ठेवणार नाही. आणि त्यांची रद्दी मी उचलणार नाही. फुकट दिली तरी नाही.