दहाव्या घरातला मंगळ

"नाकावरचा रुमाल काढ आधी. तोंडात बोळा कोंबल्यासारखं बोलतोयस, निम्मं कळतच नाही."

"अगं पण वास किती मारतोय इथं!"

"मग? दवाखान्याची धुलाई आहे ही, अत्तराचं दुकान नाही. काय म्हणत होतास? माझा शनी सुधारला?"

"सुधारला नाही गं. त्याच्या नीचपणाचा भंग झालाय. थांब जरा बाळ, नीट समजावून सांगतो."

बाळ! पन्नाशी कधीच मागं टाकलेल्या, दाढा पडलेल्या बाईला तिचा थोरला भाऊ बाळ म्हणाला, आणि मानेवरून गोगलगाय सरकत गेल्यासारखा तिच्या अंगावर काटा आला. जन्मात त्यानं तिला बाळ म्हटलं नव्हतं. पत्रिकेत शनी पडका, म्हणून घरात तिचं नावच शनी. ए शने, पाणी आण. ए शने, आईची कूस बदल. ए शने, पाव्हणे आलेत, समोर येऊ नको.

धुलाईत मात्र सगळे तिला मावशी म्हणत. दवाखान्याच्या पाठीमागच्या लांबोळ्या खोलीत भिंतीला एक भोक होतं. वरच्या मजल्यांवरून टाकलेली चादरींची गाठोडी त्यातून धपाधप खाली पडायची. ती सोडायची, झटकायची आणि निवडायची हे मावशीचं काम. नुसत्या मळक्या एकीकडे, रक्ताच्या दुसरीकडे, आणि तिसऱ्या ढिगात जे असतं ते जेवणाऱ्या माणसापुढे सांगू नये. गाठोड्यात कधी कवळी निघे, कधी चमचा, कधी पू लागलेली पट्टी. तिला किळस येत नव्हती असं कुणी समजू नये. रोज यायची. पहिल्या गाठोड्याला पोटातून वर चढायची. मग ती तोंडानं श्वास घ्यायची आणि कडू गोळीसारखी ती किळस गिळून कामाला लागायची.

आत्ता वर चढत होती ती मात्र गिळता येईना.

"मावशी, पाव्हणा कोण?" पलीकडून इस्त्रीवाला ओरडला. वाफेत त्याचं नुसतं डोकं दिसत होतं. "तोंडाला फडकं बांधून आलाय, दरोडा घालतोय का?"

"भाऊ आहे माझा. ज्योतिषी."

"मग विचारा की, माझं टक्कल कधी थांबणार?"

"आता राहिलंय काय थांबायला?"

भाऊ हसला नाही. निवडायच्या टेबलावर एका बाजूला साबणाची पूड सांडली होती. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि बोट लागू न देता पेनाच्या टोपणानं त्या पुडीत चौकोन काढला, त्याला तिरक्या रेघा मारल्या. बहिणीची कुंडली त्याला तोंडपाठ होती. आयुष्यभर तीच तर दाखवत आला होता.

"हे बघ. मेष राशीत आला की शनी नीच, म्हणजे त्याची ताकद गेली. तुझा नेमका तिथंच, तोही सहाव्या घरात. ते घर आजाराचं, शत्रूचं, चाकरीचं. इथवर वाईट. पण मेषेचा मालक कोण? मंगळ. आणि मंगळ तुझा कुठं आहे? दहाव्या घरात, केंद्रात, सिंह राशीत. घरमालक खंबीर असला की भाडेकरूला धक्का नाही. पडका ग्रह अशानं उठून बसतो. आणि एकदा उठला की दुसऱ्याला उचलतो. त्यातून हा आजाराच्या घरातला. तू ज्या छपराखाली राहशील तिथलं दुखणं पळवून लावेल."

"कुणाचं दुखणं?"

त्यानं पेन रुमालानं पुसलं. "तुझ्या वहिनीचं. अर्धं अंग गेलंय तिचं, ठाऊक आहे ना तुला. कामाला बाया ठेवल्या, एक टिकत नाही. मुलगा परमुलखात. तू ये. हे काम सोड, ती भाड्याची खोली सोड. आपल्या घरात मागची खोली रिकामी करून ठेवलीये मी तुझ्यासाठी."

हाताखालची चादर तशीच राहिली.

ती मागची खोली तिला चांगली माहीत होती. आई अंथरुणाला खिळली होती त्या खोलीत. शनी तेव्हा विशीत होती. स्थळं यायची. भाऊ तेव्हा बापाच्या हाताखाली तयार होऊन नुकताच बाहेरच्या खोलीत पत्रिका बघायला बसू लागला होता. येणाऱ्याला तोच आधी सांगायचा, मी घरचा असून लपवत नाही, हिचा शनी नीच आहे, ही जिथं जाईल ते घर बसेल. लोक त्याचा खरेपणा वाखाणत आणि चपला शोधत. ती आईचं भांडं उचलत राहिली. खोलीला आतून कडी नव्हती. आईनं हाक मारली तर दार लागलेलं नको, म्हणून. आई गेली आणि वर्षही सरलं नसेल, तोच घरात चुळबुळ सुरू झाली. वहिनीला ताप आला, शनीमुळं. माळ्यावर उंदीर झाले, शनीमुळं. वहिनीनं तिचं ताट वेगळं केलं. ताट वेगळं झालं की पाट वेगळा व्हायला उशीर लागत नाही.

मग ती या धुलाईत आली आणि इथंच मुरली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली. लोखंडी जिना, एक खिडकी, एक खाट. दाराला आतून जाडजूड कडी. संध्याकाळी कडी सरकवली की ती अंग धुवायची, स्वतःच्या चादरीवर आडवी व्हायची, आणि तिला हाक मारायला कुणीही नसायचं. या सुखाला काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं, पण त्या कडीवर तिचा जीव होता. आणि धुलाईतली जागा एकदा सोडली की परत मिळण्यातली नव्हती. ती जागा गेली तर भाडं गेलं, आणि खोलीही गेली.

"बोल की," भाऊ म्हणाला. "यात तुझंच भलं आहे. याला राजयोग म्हणतात."

"हा मंगळ," ती पुडीतल्या चौकोनाकडं बघत म्हणाली, "दहाव्या घरात कधी आला?"

"कधी म्हणजे?"

"आत्ता आला, का गेल्या वर्षी आला?"

"अगं खुळे, जन्मपत्रिका आहे ही. जन्मल्यापासून तिथंच आहे."

"जन्मल्यापासून."

"हो, मग..." यंत्र गरगरत होतं, पलीकडं वाफ सुसकारत होती. त्यानं रुमाल परत नाकाला लावला.

"म्हणजे मी विशीत होते तेव्हाही तिथंच होता. का तेव्हा बाहेरगावी गेला होता?"

"तेव्हा माझा अभ्यास कच्चा होता. भंगाचं पुढं कळलं मला."

"वाण्याच्या पोराला सांगितलंस तेव्हा कच्चा नव्हता. त्याचाही शनी पडका होता. वाणी रडकुंडीला आला होता आणि तू म्हणालास, घरमालक खंबीर असला की भाडेकरूला धक्का नाही. हेच. शब्द न् शब्द. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. त्याच आठवड्यात माझं एक स्थळ तू वाटेला लावलंस."

भाऊ पुटपुटला, "आई अंथरुणात होती गं. तू गेली असतीस तर तिचं कुणी केलं असतं?"

निदान एक खरा शब्द त्याच्या तोंडून पडला, पण तो पडला तोही नासक्या अंड्यासारखा. त्याला लाज वाटली नव्हती. जुनी अडचण सांगावी तसं त्यानं सांगितलं. आणि त्या भाबड्या, पावडर लावलेल्या चेहऱ्याकडं बघून तिला अशी शिसारी आली की तिसऱ्या ढिगातही कधी आली नव्हती. याची गरज असते तेव्हा ग्रह पडतो, आणि याचीच गरज असते तेव्हा उठतो. आकाशातला शनी म्हणजे याच्या दारचा गडी.

तिनं हातमोजे काढून खिळ्याला टांगले.

"चल. जेवणाची सुट्टी आहे. वहिनीला बघते."

भाऊ खुलला. त्याला वाटलं, जमलं.

घर दोन गल्ल्या सोडूनच होतं. बाहेरची खोली झकपक. खुर्च्या पुसलेल्या, पत्रिका बघायचं टेबल चकाकतंय. आतलं दार उघडलं आणि वास अंगावर धावून आला. हा धुलाईतला वास नव्हता. धुलाईत वासावर पाणी पडतं. इथला कोंडून ठेवलेला होता, त्याच्यावर सुगंधी फवारा मारलेला, म्हणजे घाणीला दागिने घातलेले. वहिनी भिंतीकडं तोंड करून पडली होती. चादर कडक झालेली, पाठीला चिकटलेली. उशाशी अर्धवट खाल्लेल्या वाटीवर माशा बसल्या होत्या.

बाईचं असं झालेलं पाहून मन द्रवलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण वहिनीनं मान वळवली, एका बाजूनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "आलीस? बरं झालं. या बायांना जमत नाही. तुला सवय आहे."

झालं. ताट वेगळं करणारी जीभ आजारातही शाबूत होती.

मागच्या खोलीत तिनं डोकावून पाहिलं. नवी गादी होती, खिडकीला पडदा होता. दाराला आतून कडी अजून नव्हती.

"दादा, बाह्या वर कर."

"मी?"

"मग काय मंगळ करणार? कोमट पाणी आण. आणि धुतलेली चादर."

"अगं, पण मला... हे माझ्यानं..."

"तिचा नवरा आहेस का बाहेर बसलेलं गिऱ्हाईक? आण."

त्यानं आणलं. ती पलंगाच्या पलीकडं उभी राहिली आणि हात न लावता सांगत गेली. खांद्याला धर, ओढू नको. आपल्याकडं वळव. मळकी चादर तिच्या पाठीशी गुंडाळत ने, तिच्यामागं धुतलेली सरकव. आता पूस. वरून खाली. तसं नाही रे, देव्हारा पुसतोयस का? घासू नको, कातडं सोलेल. भावानं मोरीत जाऊन ओकलं.

"ओकून झालं? आता परत धर. तोंडानं श्वास घे."

"बाळ, तू जरा..."

"बाळ म्हणू नको मला. शनी म्हण, तेच बरं."

वहिनी भिंतीकडं बघत रडत होती, की नुसतीच डोळ्यांतून धार होती, कोण जाणे. नवऱ्याचा हात आपल्या पाठीवर फिरतोय याची तिला लाज वाटत होती आणि त्याला घाण वाटत होती. इतक्या वर्षांचा संसार, आणि हे. दोघांचीही मावशीला कीव आली नाही. पाठीवर एक जखम चिघळू लागली होती, तेवढी तिनं वाकून नीट पाहिली. म्हणाली, "दर दोन तासांनी कूस बदल, नाहीतर सडेल. जखमेला दवाखान्यातून माणूस बोलाव, आजच. आणि बाई टिकत नसेल तर बाईला माणसासारखं वागव."

"पण रोज कसं होणार?" भावानं काकुळतीनं विचारलं. "तू येतेस ना? योग वाया जाईल."

"माझा राजयोग मी खोलीत ठेवलाय. बाहेरून कुलूप घालून आलेय, आतून कडीही आहे. त्यात दुसरं कुणी मावत नाही."

ती चपला घालत होती तेव्हा भाऊ मागून धावत आला. हातात मळक्या चादरीचं गाठोडं. अंगापासून लांब धरलेलं, जसा मेलेला उंदीर शेपटीला धरावा.

"हे तेवढं घेऊन जा. तुमच्याकडं यंत्र आहे ना. त्यात एक काय, दोन काय."

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याचा हात आपोआप खाली आला.

"रक्ताचे डाग आहेत, थंड पाण्यात भिजव," ती म्हणाली. "गरम घातलंस तर जन्मात निघायचे नाहीत."

आणि ती चालू लागली.

धुलाईत भोकातून नवी गाठोडी पडून ढीग झाला होता. इस्त्रीवाल्यानं विचारलं, "काय मावशी, टकलाचं विचारलंत का?"

"विचारलं. तुझा मंगळ बिघडलाय, म्हणाला. काम कर, काम."

टेबलावर साबणाच्या पुडीत अजून तो चौकोन होता. मेषेचा शनी, सिंहेचा मंगळ, सगळे आपापल्या घरात. तिनं हातमोजे चढवले. तळव्याच्या कडेनं सगळी पूड काठाशी ओढली, डब्यात भरली आणि तिसऱ्या ढिगाच्या यंत्रात ओतली. झाकण लावलं, बटण दाबलं. मग वरचं गाठोडं ओढून घेतलं, तोंडानं एक श्वास घेतला आणि गाठ सोडली.