कुणाच्या घरी न पोचवायचं ओझं

चाचांनी पहिला महिनाभर आम्हाला वजन उचलायला शिकवलंच नाही. टाकायला शिकवलं. दांडी हातातून सुटली की मागे कसं सरायचं, पाय कुठे न्यायचे, नजर कुठे ठेवायची. जुन्या जिनिंगच्या ओसाड गोदामात, म्हणजे आमच्या शेडमध्ये, सकाळ-संध्याकाळ लोखंड आपटत असायचं आणि बडनेऱ्याची अर्धी वस्ती कानावर हात ठेवून फिरायची. चाचा म्हणायचे, “ज्याले टाकता येत नाही तो उचलताना भेते. अन् भेलेला माणूस अर्ध्यातच अडकते.”

ते रेल्वेत फिटर होते. अंगाने किडकिडीत. अनोळखी माणसाला हे पोरींना वेटलिफ्टिंग शिकवतात असं सांगितलं तर तो हसायचा. पण चाचांचा ताकदीवर फारसा भरवसा नव्हताच. “दांडी कंबरेपर्यंत आणाचं काम ताकदीचं,” ते सांगत. “त्याच्यापुढं हिंमत लागते. दांडी वर येईन म्हणून वाट नको पाहू बेटा. तूच तिच्याखाली घुस.” साठ किलो लोखंड हवेत असताना त्याच्याखाली आपण होऊन जाऊन बसायचं, हे शरीराला पटत नाही. ते पटवण्यात माझं एक वर्ष गेलं.

तो काळच दबून राहण्याचा होता. कापूस दगा देत होता, जिनिंगा एकामागून एक बंद पडत होत्या, रोज कुठल्या ना कुठल्या गावची वाईट बातमी यायची. माणसं हळू बोलायला लागली होती. आमच्या घरीही तसंच. दर्यापूरकडची आमची तीन एकर कोरडवाहू जमीन पडीक टाकून बाबा बडनेऱ्याला आले आणि बाजारात पोती वाहू लागले. मी शेडमध्ये पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा चाचांनी ते तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, “हळू काहून बोलून राह्यली? कोणाची चोरी केली काय?” त्या दिवसापासून माझा आवाज वाढला तो वाढलाच.

बारावीनंतर मला स्थळ आलं. मुलाकडच्यांची एकच अट होती, पोरीनं ते लोखंड सोडावं. बाबांना ती अट रास्त वाटली. दुपारचं काम संपवून, खांद्यावर पोत्याचा फडका तसाच ठेवून ते शेडमध्ये आले. “भाऊ, मी पोती उचलतो ते पोटासाठी,” ते चाचांना म्हणाले. “पोरगी हे काहून उचलते? कोणाच्या घरी पोचवाचं हाय ते?”

“कोणाच्याच नाही,” चाचा म्हणाले. “म्हणूनच उचलते. दुनियेचं ओझं तर सारेच वाहतेत. स्वतःसाठी उचललेलं एक तरी वजन पाह्यजे ना माणसाले?”

बाबा कुणी सांगितलं नसताना पुढे झाले आणि त्यांनी दांडी धरली. पोत्यांनी कमावलेले हात. दांडी कंबरेपर्यंत सहज आली. तिथे ते अडले.

“आता?”

“आता टाकून द्या.”

“टाकलं तर चालते?”

“टाकाचंच असते.”

बाजारात पोतं हातातून निसटलं तर चारचौघांत शिव्या खाणारा माझा बाप. त्यांनी दांडी सोडली. गोदाम हादरलं. त्यांनी पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा आपटली तेव्हा ते हसत होते आणि डोळे पुसत होते. घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, “त्या लोकायले नाही म्हणून सांगतो.”

नातेवाइकांनी बरंच काही ऐकवलं. अकोल्याच्या स्पर्धेत पदक आणून सगळ्यांची तोंडं बंद करायची, असं मी मनाशी घोकत गेले. पहिला प्रकार, स्नॅच, म्हणजे दांडी एका झटक्यात डोक्यावर, नीट पार पडला. दुसऱ्यात वजन आधी खांद्यावर घ्यायचं, मग डोक्यावर. संधी तीन. पहिली हुकली, दुसरी हुकली. मी चाचांचा हात धरला, “चाचा, थोडं कमी करा.”

“या खेळात वजन उतरत नाही, बेटा. तेच ठेव नाहीतर वाढव.”

तिसऱ्या वेळी दांडी डोक्यावर गेली, पण डावं कोपर वाकलं. पंचांनी ती उचल बाद केली. एका प्रकारात तिन्ही हुकल्या की दुसऱ्याचं वजनही धरत नाहीत. तक्त्यात माझ्या नावापुढे एकूण वजनाच्या जागी नुसती रेघ. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत मी रडत होते. मग चाचांनी विचारलं, “तिन्ही वेळा दांडीखाली गेली का नाही?”

“गेली.”

“मंग? मले तेवढंच पाह्याचं होतं. कोपराचं उद्यापासून पाहू.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात रिकामी दांडी दिली. तीन आठवडे एकही प्लेट चढवू दिली नाही. पुढच्या वर्षी त्याच अकोल्यात तेच वजन गेलं, वर आणखी पाच किलो गेले. गळ्यात पदक घालून मी त्यांच्यासमोर उभी राहिले. माझ्याकडे नीट बघून ते म्हणाले, “कोपर अजून वाकते.”

पुढे मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले आणि सकाळी शेडमध्ये त्यांच्या हाताखाली शिकवू लागले. अशाच एका सकाळी कळलं की पहाटे नमाज पढून उठताना चाचा कोसळले आणि गेले. आम्ही साऱ्याजणी शेडमागच्या गल्लीत त्यांच्या घरी जाऊन बसलो. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी मान वर केली.

“शिकायले आल्या होत्या ना? मंग इथं काहून बसल्या? शेड उघडा.”

“आजच्या दिवशी आवाज बरा नाही दिसत,” शेजारची एक म्हातारी पुटपुटली.

“त्यायनं अख्खी जिंदगी हाच आवाज केला,” चाची म्हणाल्या. “इथंवर ऐकू आला पाह्यजे मले.”

आम्ही शेड उघडली. अकराजणी होतो. दोन-तीन उचली वायाच गेल्या, पण एकीमागून एक पोर पुढे येत राहिली. दुपारी जनाजा शेडसमोरून निघाला. खांदा देणाऱ्यांत बाबाही होते. त्या वेळी सर्वांत धाकट्या पोरीने दांडी कंबरेपर्यंत आणली होती. तिने दाराकडे एकदा पाहिलं.

मी तिला थांब म्हटलं नाही. ती दांडीखाली घुसली.