टॉवेलखालचा सातवा किल्ला

गणपतीला गावी निघताना आमच्या मुलुंडच्या घरात एक ठरलेली कवायत असते. आई फ्रिज रिकामा करते, गॅसचा कॉक फिरवते, आणि सगळ्यात शेवटी बाबा दारामागचा मेन स्विच पाडतात. मग रिक्षात बसल्यावर आई विचारते, "मेन बंद केला ना?" बाबा म्हणतात, "केला गं." दर वर्षी हेच.

मी बारावीत होते त्या वर्षी म्हटलं, "बाबा, तुम्ही बॅगा घेऊन उतरा, मेन मी पाडते." आणि पाडला नाही.

कारण सांगते. माझ्याकडे एक जुना सेकंडहँड कन्सोल होता. त्याचं मेमरी कार्ड मेलेलं, म्हणजे गेम सेव्ह व्हायचाच नाही. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. आणि गेम कसला, तर बाजूने दिसणारा, डावीकडून उजवीकडे धावायचा, समोर येईल त्याला तलवारीने कापायचं, तुटणाऱ्या पुलांवरून उड्या मारायच्या. स्क्रीन एकदा पुढे सरकली की मागे जाता येत नाही. दोघांनी खेळायचा. माझा लाल योद्धा, आणि तळमजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीचा निळा. एकूण सात किल्ले. आम्ही पहिल्यांदाच सातव्याच्या दारात पोचलो होतो, आणि तेवढ्यात आई आली, "उठा आता, बॅगा कोण भरणार?"

मग मी पॉज केलं, टीव्ही बंद केला, कन्सोल चालूच ठेवला. त्याचा हिरवा दिवा आईला दिसू नये म्हणून वर टॉवेल टाकला. जाड, आंघोळीचा. फक्त सात दिवसांचा तर प्रश्न होता.

रिक्षात आईने विचारलं, "मेन बंद केला ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो."

गावी पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी काका माळ्यावरून समया काढत होते. एक समई फडक्यात गुंडाळलेली होती, तिला हात लावला आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. टॉवेल. कन्सोलची गरम हवा बाहेर पडायची जाळी वरच्या बाजूलाच आहे, आणि मी नेमकी तीच झाकून आले होते. बाजूला पडदा. पडद्याखाली आईची रद्दी.

त्यानंतर मला काही सुचेना. आरतीत टाळ हातात, पण वाजवायचं विसरायचे. कुणाचाही फोन वाजला की वाटायचं, बिल्डिंगमधूनच आला. मोदक समोर आला तर घशाखाली उतरेना. काका म्हणाले, "काय गो, पोटात दुखता काय तुझ्या?" मी म्हटलं, "नाही, ॲसिडिटी." दोनदा बाबांजवळ गेले, सांगायला म्हणून. एकदा ते मखराला तोरण बांधत होते. दुसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "काय गं?" आणि मी म्हटलं, "चहा हवा का?"

घरात रेंज नव्हती. विहिरीच्या कठड्याजवळ दोन काड्या यायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे जाऊन मैत्रिणीला फोन लावला आणि सगळं एका श्वासात सांगितलं.

ती म्हणाली, "तू पागल आहेस का? टॉवेल?"

"नंतर शिव्या दे. चावी समोरच्या काकूंकडे आहे."

"त्यांना काय सांगू?"

"माझ्या कॉलेजच्या फॉर्मचा फोटो पाहिजे म्हण."

फोन चालूच ठेवून ती जिने चढली. मला तिचा दम ऐकू येत होता. मग काकूंचा आवाज. "सुट्टीत कसला फॉर्म? आणि तुळशीला पाणी मी घातलंय हो, सांग तिच्या आईला." मग कुलूप. मी डोळे मिटून घेतले.

"वास नाही येत," ती म्हणाली. "थांब. अगं, टॉवेल कसला तापलाय. इस्त्री केल्यासारखा."

"आणि तो?"

"हात नाही लावता येत. पण चालू आहे यार. टीव्ही लावून बघू?" टीव्ही लागल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "दोघं उभे आहेत. जसे सोडले तसे. तुझ्याकडे अजून अर्धी लाईफ आहे."

ती पुढे म्हणाली, "ऐक ना. टॉवेल काढलाय. टेबलफॅन लावते समोर. चारच दिवस राहिलेत."

आणि मी विचार केला. खरंच केला, लाज वाटते सांगायला. आदल्या दिवसापासून ज्याच्या भीतीने जेवले नव्हते, तेच आणखी चार दिवस चालू ठेवायचं का, असा.

काकूंनी त्यांच्या दारातूनच विचारलं, "फॉर्म शोधताय की छापताय?"

"बंद कर," मी म्हटलं.

"नक्की? सातवा किल्ला आहे."

"बंद कर. आणि दारामागचा मेन पाड."

खट्. तो आवाज मला विहिरीपाशी ऐकू आला. ती म्हणाली, "गेला." मग म्हणाली, "मोदक आण माझ्यासाठी. भरपूर. नाहीतर काकूंना सगळं सांगेन."

त्या दुपारी मी पाच मोदक खाल्ले.

घरी परतलो तेव्हा बाबांनी दार उघडून सवयीने दारामागे हात घातला. मेन पडलेला होता. त्यांनी तो वर केला, फ्रिज घुरघुरला. आई टॉवेल उचलून म्हणाली, "हा असा पिवळा कशाने पडला?" मी म्हटलं, "माहीत नाही." बाबा मात्र खूश होते. "बघ, किती व्यवस्थित काम केलं हिने. आता दर वर्षी मेन हिच्याकडे."

तेव्हापासून मेन माझ्याकडे आहे. मी तो पाडते, कुलूप लावते, खाली उतरते, रिक्षात बसते. आई विचारते, "बंद केला ना?" मी हो म्हणते. आणि रिक्षावाल्याला दोन मिनिटं थांबायला सांगून पुन्हा तीन जिने चढते.